आढी, इथिलीन आणि सासऱ्यांचं नाक

दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी तेच वाक्य म्हणते. कुठलाही वायू घ्या, एक मोल वायू प्रमाण तापमानाला आणि दाबाला बावीस पूर्णांक चार लिटर जागा घेतो. आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "मॅडम, प्रमाण तापमान म्हणजे किती?" मी म्हणते, शून्य अंश. वर्ग हसतो. रत्नागिरीत शून्य अंश! इथे पंखा फुल्ल सोडला तरी मानेवरचा घाम वाळत नाही, खडू हातात भिजतो, आणि मी यांना बर्फाच्या तापमानाची गणितं घालते. सुरुवातीला मला त्या हसण्याची गंमत वाटायची, मग राग यायला लागला. आता काहीच वाटत नाही. त्यांचं हसून होईपर्यंत टेबलाला टेकून उभी राहते, तेवढाच पायांना विसावा.

धडा तसा सोपा आहे. लिटर दिले असतील तर बावीस पूर्णांक चारने भागा, मोल मिळतात. मोल दिले असतील तर गुणा, लिटर मिळतात. संपलं. पण पोरं पाण्यालाही गुणतात आणि मिठालाही गुणतात. मोल दिसला की गुणायचं, देवळात शिरलं की घंटा वाजवायची तसं. मी ओरडते, "अरे मेल्यांनो, आधी तो वायू आहे का बघा!" आणि वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की तीच चूक गठ्ठ्यागणिक भेटते. गठ्ठे येतात ते नेमके आंब्याच्या दिवसांत. दोन्ही एकदम अंगावर पडतात.

घर आमचं शहरात नाही, सड्याच्या, त्या कातळाच्या उघड्या माळाच्या, पलीकडे आत गावात आहे. सकाळची एसटी पकडायची, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. नवरा मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येतो. पाहुण्यासारखा येतो, पाहुण्यासारखा जातो. त्यालाही काय बोलायचं, गावात निम्म्या घरांची हीच तऱ्हा. सासूबाई गेल्या तेव्हापासून घरात मी आणि सासरे, दोघंच. त्यांना सगळा गाव बाबा म्हणतो, मीही म्हणते. सकाळी भाकऱ्या थापायच्या, बाबांच्या गोळ्या काढून ठेवायच्या, आणि सड्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला की चपला पायात अडकवून धावत सुटायचं. माझं अर्धं आयुष्य त्या हॉर्नच्या तालावर गेलं.

अशात धाकटे दीर मुंबईची नोकरी सोडून परत आले. "बास झालं वहिनी," म्हणाले, "आता आंब्याची कलमं बघतो." मी त्यांना भावोजी म्हणते. नात्यातल्या बायका हळहळल्या, की बागेत राहणाऱ्याला आता मुलगी कोण देतंय. मला मात्र इतकं हायसं वाटलं की काय सांगू. बाबांना दवाखान्यात न्यायला माणूस झालं, गड्यांच्या मागे लागायला माणूस झालं, रात्री ताटावर बोलायला माणूस झालं. खरं सांगते, मला आंब्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला घरात आणखी एक माणूस हवं होतं.

पण बागेचं काही जमेना. दलालाकडे पेट्या पाठवायच्या आणि तो सांगेल ते ऐकायचं, यात भावोजींचा जीव रमेना. त्यातच मुंबईच्या जुन्या साहेबांचा फोन आला, की तुमची जागा मेअखेरपर्यंत रिकामी ठेवतो, विचार करा. भावोजी मला म्हणाले, "हा हंगाम बघतो वहिनी. नाही जमलं तर जातो." त्यांच्या डोक्यात एक होतं. दलालाला फाटा द्यायचा आणि लोकांना थेट तयार आंबा पाठवायचा, पेटी उघडली की खायचा. जुन्या ऑफिसातल्या लोकांनी मागण्याही दिल्या होत्या. आणि त्यासाठी आंबा एकसारखा पिकायला हवा होता, एक पिवळा आणि एक हिरवा असं चालणार नव्हतं.

आमच्या घरात आंबा पिकवायची रीत ठरलेली. माळ्यावर भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर परत पेंढा. ही आढी. आंबे लावायच्या सासूबाई. आढी उघडायची कधी, ते ठरवायचे बाबा, आणि ठरवायचे नाकाने. रोज सकाळी माळ्याच्या शिडीवर चार पायऱ्या चढून उभे राहायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि मान हलवून खाली उतरायचे. एक दिवस म्हणायचे, "आले." ते म्हणेपर्यंत कोणी पेंढ्याला हात लावायचा नाही, मग पाहुणे येवोत की पोरं रडोत. शेजारची घरंसुद्धा विचारायची, "बाबांना जरा आमच्याकडे पाठवा हो." बाबा म्हणायचे, "आंबा आपण होऊन सांगतो, झालो म्हणून. नाकानं ऐकायचा." आदल्या हंगामात मात्र निम्मी आढी पिकून पुढे गेली, हात लावला की बोट आत. बाबा म्हणाले, पेंढा ओला होता. आम्ही मान डोलावली.

यंदा भावोजींनी आढी लावलीच नाही. खताची जुनी खोली रिकामी केली, फटी बुजवल्या, जुना एसी बसवला, आणि एक बाटली घेऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी गठ्ठा तपासत होते. बाटली बघून माझं टाळकंच फिरलं. "कार्बाइड असेल तर याद राखा," म्हटलं, "माझ्या घरात ते विष चालणार नाही."

"नाही हो वहिनी! इथेफॉन आहे. यातून इथिलीन सुटतो. आंबा पिकताना आपला आपण सोडतो तोच गॅस. परवानगी आहे त्याला." मग जरा ओशाळून म्हणाले, "फक्त किती घालायचं ते कळत नाही. मोबाइलवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुम्ही तर हेच शिकवता ना?"

इतकी वर्षं शिकवते, पण घरातल्या कोणी हे गणित मला कधी विचारलं नव्हतं. मी उठले. खोली चार मीटर लांब, तीन रुंद, आणि बुटकी, जेमतेम दोन मीटर उंच. पर्समधून खडू काढला आणि खोलीच्या दारावरच लिहायला लागले. चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस घनमीटर. म्हणजे चोवीस हजार लिटर हवा. गॅस हवा दहा लाखांत शंभर भाग. म्हणजे दोन पूर्णांक चार लिटर.

"एवढुसाच?" भावोजी म्हणाले.

"एवढाच. आता याचे मोल करायचे."

त्यांनी मान ताठ केली. "बावीस पूर्णांक चारने भागायचं. आठवतंय मला!"

"ते शून्य अंशाला," मी म्हटलं. "तुमचा एसी वीसवर आहे. गॅस तापला की पसरतो. इथे एका मोलला चोवीस लिटर धरा."

दोन पूर्णांक चार भागिले चोवीस. शून्य पूर्णांक एक मोल. मी खडू हातात धरून बघतच राहिले. इतकं सुबक उत्तर पुस्तकात येतं, घरात कधी येत नाही. त्यावरून ग्रॅम काढले, बाटलीवरची टक्केवारी बघून मिलिलिटर काढले, लहान पेल्यात मावेल एवढं औषध. बादलीत पाणी, त्यात ते, वर कॉस्टिक सोड्याचे चार दाणे टाकायचे आणि लगेच बाहेर येऊन दार लावायचं. "चोवीस तास दार उघडायचं नाही," मी बजावलं. "गॅस बाहेर गेला की गणित बोंबललं. मग हवा द्या आणि तीन-चार दिवस नुसता थंडावा ठेवा."

बाबा खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसून ऐकत होते. "आता आंबा पण मास्तरणीच्या शाळेत जाणार म्हणा की," म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी पाठ दुखत असूनही मी खुशीत होते.

आणि पहिली खेप फसली. खोलीच्या आतल्या बाजूचे, बादलीजवळचे आंबे थोडे पिवळे झाले, दाराकडचे हिरवेगार, दगडासारखे. भावोजी क्रेटमागून क्रेट उघडत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. मी गणित परत तपासलं. परत परत तपासलं. चूक नव्हती. मग मी त्यांनाच विचारलं, "दार उघडलं होतं का तुम्ही?"

"मी कशाला उघडू? मला काय वेड लागलंय?" ते उसळले. मग खळ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "ज्यांना हे नकोच आहे, त्यांनी उघडलं असेल!"

बाबा काही बोलले नाहीत. एरवी ते एकाला चार ऐकवणारे. मला वाटलं, नेम बरोबर लागला म्हणून गप्प आहेत. माझंही डोकं तापलं होतं. म्हाताऱ्याला आपली गादी सोडवत नाही, म्हटलं मनात, आणि त्यापायी पोराला घालवून बसेल. त्या रात्री भावोजी ताटावरून उठता उठता म्हणाले, "आणखी एक खेप बघतो. मग साहेबांना कळवतो." मी भांडी घासत होते. हात आपोआप चालत होते आणि डोळ्यांपुढे परत तेच दोन माणसांचं घर दिसत होतं, गणपती ते शिमगा. इतकं थकल्यासारखं वाटलं की तिथेच मोरीच्या कडेला बसले.

दुसरी खेप लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं. गठ्ठा काखेत घेऊन मी दुपारच्या एसटीने आले. भावोजी बागेत होते. खळं रिकामं, बाबांची खुर्ची रिकामी, आणि खोलीचं दार सताड उघडं. पकडले, म्हटलं. आज चांगले ऐकवते. तरातरा गेले.

बाबा आत क्रेटपुढे वाकून उभे होते. दोन्ही हातांत आंबा धरलेला, नाक त्यावर दाबलेलं, डोळे मिटलेले. जोरात श्वास ओढत होते, छातीचा भाता झालेला. तो आंबा ठेवला, दुसरा घेतला. मग मान वर करून मला बघितलं. मला वाटलं रागावतील. पण त्यांचे डोळे भरले होते.

"येत नाय गो," ते म्हणाले. "कायच येत नाय."

"काय येत नाही, बाबा?"

"वास. त्या साथीचा ताप आला होता ना मला, तेव्हापासून गेलाय. आधी म्हटलं येईल. मासळीचा येत नाय, तुझ्या फोडणीचा येत नाय. म्हटलं जाऊ दे. पण आंब्याचा तरी यायला हवा ना? म्हणून येऊन बघतो. दार लावून घेतलं की जीव घाबरा होतो, म्हणून उघडं ठेवतो."

आदल्या वर्षीचा ओला पेंढा मला तेव्हा कळला. शिडीवर चार पायऱ्या चढून हा माणूस डोळे मिटून उभा राहत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. मग अंदाजाने म्हणाला, "आले." आणि आम्ही सगळे त्यावर विसंबून होतो. अरे देवा, कोणाजवळ बोलायचं तरी!

"भावोजींना सांगते मी," मी म्हटलं. "त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम करता."

"वाटू दे," ते एकदम कडक झाले. "मुद्दाम करतो वाटलं तर चालेल. नाक गेलं म्हणून सांगू नको. गाव काय म्हणेल? ज्याच्या नाकावर घरं आढी उघडत होती..." त्यांनी हातातला आंबा क्रेटमध्ये देठ खाली करून नीट ठेवला.

मी दाराला टेकून उभी होते. दारावरचा माझा खडू अजून होता, चोवीस हजार लिटर, शून्य पूर्णांक एक मोल. इथे मी पोरांना सांगत फिरते की आधी तो वायू आहे का बघा, आणि वायू आपल्याच दारातून बाहेर जात होता. गणितात माणसं धरायची राहतात. एरवी मी हसले असते.

"बसा खाली," मी म्हटलं. ते पायरीवर बसले. मी शेजारी बसले. "बाबा, हे दार सांभाळायला मला माणूस हवंय. मी कॉलेजात असते, भावोजी बागेत. गडी येतात, शेजारी येतात, सगळ्यांना आत डोकावायचं असतं. तुम्ही इथे खुर्ची टाकून बसा. कोणाला उघडू द्यायचं नाही, तुमच्या मुलालासुद्धा नाही. आणि तुम्ही पण उघडायचं नाही."

"आणि आले कधी ते?"

"ते मी सांगते तुम्हाला. तुम्ही सगळ्यांना सांगा."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुझं नाक असतं काय गो कॉलेजात?" म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मी भागाकार करते."

संध्याकाळी मी भावोजींना एवढंच सांगितलं की फट राहिली होती, आता बुजवलीय, औषध परत घालू. त्यांनी संशयाने बघितलं पण वाद घातला नाही. वाद घालायचं बळ त्यांच्यातही उरलं नव्हतं. परत पेला मोजला, परत कॉस्टिकचे दाणे टाकले, परत दार लावलं. बाबांनी दारापुढे खुर्ची टाकली ती हलवलीच नाही. एक गडी नुसता दाराजवळून गेला तर त्याच्यावर असे खेकसले की बिचारा पाणी न पिताच परत गेला. चोवीस तास उलटल्यावर हवा दिली, आणि मग मी रोज घरी आल्यावर दोन क्षण आत जाऊन एक आंबा दाबून बघायची, देठाशी वास घ्यायची आणि बाहेर येऊन मान हलवायची. बाबा माझी मान बघायचे.

मग एक दिवस सकाळी मी आत गेले आणि वासाने डोळेच भरून आले. काय तो वास! सगळी खोली एका सुरात पिकली होती. बाहेर आले, बाबांच्या खुर्चीमागून जाताना हळूच म्हटलं, "झाले." आणि चुलीकडे गेले.

थोड्या वेळाने भावोजी क्रेट काढायला आले. दारापुढे थांबले, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही एकदा वास घ्या. मग उघडतो." त्यांना समेट हवा होता, दुसरं काही नाही. पण माझ्या हातातली भाकरी तव्याच्या वरच राहिली. बाबा उठले. दार उघडून उंबरठ्यावर उभे राहिले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. इतका वेळ लावला की मलाच वाटलं, आला की काय वास. मग डोळे उघडून म्हणाले, "आले."

भावोजी आत धावले. त्यांचा ओरडा ऐकून गडी जमा झाले, शेजारचे आले. सगळे आंबे एकसारखे, केशरी पिवळे. "बघा, म्हाताऱ्याचं नाक बघा!" कोणीतरी म्हणालं. भावोजींनी तिथेच उभ्या उभ्या मुंबईला फोन लावला. "साहेब, त्या जागेचं... दुसरं कोणी बघा तुम्ही. मी नाही येत." मी पदराने घाम पुसला. मला माझ्या भागाकाराचं कौतुक नको होतं. हे एक वाक्य हवं होतं, ते मिळालं.

गर्दी पेट्या भरायला मागीलदारी गेली. मी पर्स घेऊन बाहेर पडत होते, तर बाबांनी खुर्चीवरून हाक मारली. हातात एक आंबा होता. तो माझ्यापुढे धरून हळू आवाजात म्हणाले, "वास कसा येतोय गो?"

मी आंबा नाकाशी धरला. काय सांगायचं आता? "गोड येतोय," म्हटलं. "देठाशी जास्त. थोडा चिकाचा पण येतोय."

"तसं नको." ते मानेनेच नाही म्हणाले. "तुझी सासू आढी लावून खाली उतरायची ना, तेव्हा तिच्या पदराला यायचा. तसा येतोय काय?"

सासूबाई मला दिसल्या, शिडीवरून उलट्या पावलांनी उतरणाऱ्या, केसांत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या. तो वास पेंढ्याचा होता, घामाचा होता, माळ्यावरच्या उबेचा होता. हा आंबा एसीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पिकलेला.

"तसाच येतोय, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी आंबा परत घेतला आणि स्वतःच्या नाकाशी धरून बसून राहिले. सड्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.